पटाशीचा टवका

मी एक जुनी पटाशी आहे, मित्रांनो, आणि मी सूड घेतला आहे.

लोहाराने मला घडवलं, सुताराने कामाला लावलं. बावीस वर्षं त्याच्या हातात मी दारंखिडक्या कोरल्या. संध्याकाळी त्याची बायको मला तेलाने पुसून फडक्यात गुंडाळायची. मी लाडावलेली होते, हे कबूल करते.

मग तिचा धाकटा भाऊ सुताराच्या हाताखाली आला. या मेहुण्याने मला रंगाच्या डब्यांची झाकणं उघडायला लावली, भिंतीचा चुना खरवडायला लावला. सुतार रागावला की हा हसायचा. मी मनातल्या मनात दातओठ खात राहिले.

एके दुपारी त्याने मला पिशवीत कोंबलं आणि एका बंद घरापाशी नेलं. दार ओळखीचं निघालं. त्याची चौकट मीच कोरली होती! त्याने मला कुलपाशेजारच्या फटीत घुसवून जोर लावला. मी अंग ताठ केलं आणि मोडून घेतलं. माझ्या धारेचा टवका चौकटीतच राहिला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मेहुणा मला पिशवीत टाकून पळाला आणि कोपऱ्यावर पकडला गेला.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, की पटाशी घेऊन दारापर्यंत जाणं ही नुसती तयारी. तेवढ्यासाठी शिक्षा नाही, तिथूनही माणूस मागे फिरू शकतो. आणि तो टवका? तो दार बनवतानाच उडाला असेल.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता सगळं सुताराच्या एका शब्दावर होतं. समोरच्या बाकावर त्याची बायको हात जोडून बसली होती. टवका जुना आहे म्हणा, एवढंच तिचं मागणं होतं. सुताराने मला हातात घेतलं, धारेवरून अंगठा फिरवला.

“आदल्याच दिवशी मी हिला धार लावली होती,” तो म्हणाला. “तेव्हा धार अखंड होती.”

न्यायाधीशबाईंनी निकाल दिला, की पटाशी चौकटीत घुसली तिथे तयारी संपली आणि घरफोडीचा प्रयत्न सुरू झाला. मेहुणा तुरुंगात गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

सुताराने मला घरी आणलं. त्या संध्याकाळी बायको मला पुसायला आली नाही. नंतरही कधी आली नाही. मी आता पेटीच्या तळाशी गंजत पडले आहे.

मित्रांनो, आपली हत्यारं जपा, कुणाच्या हाती देता ते बघा. आणि कुणावर सूड उगवायचा असेल, तर दारापाशी जरा थांबा. तिथून मागे फिरता येतं. मला मात्र मेहुण्याने पुन्हा त्या फटीत घातलं, तर मी पुन्हा मोडेन.