आधी खणातल्या फोनला विचारा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि मी सांगतो तसे मनात आणा. तुम्ही एका लाकडी टेबलाच्या तिसऱ्या खणात पडून आहात. डाव्या अंगाला कात्री, उजव्या अंगाला चार संपलेले सेल, आणि सगळीकडे खोडरबराचा वास. बाहेर माणसे बोलतात ते तुम्हाला ऐकू येते, पण कोणी बाहेर काढले तरच तुम्ही बोलायचे. जमले? मग आता तुम्ही माझ्या जागी आहात. मी एक जुना मोबाइल फोन आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच बसवली आणि धूळ राहिली का ते पाहायला मला दिव्याखाली तिरके धरले. मी पाहिलेला पहिला चेहरा तिचा. तिने मान हलवली आणि पट्ट्यावरून मी पुढे सरकलो. तिला माझी आठवण असण्याचे काही कारण नाही. दिवसाला माझ्यासारखे शेकडो तिच्या हाताखालून जात असतील.

मग मी माझ्या मालकिणीकडे आलो. ती डिझायनर आहे. पडद्यावर तुम्ही जे बटण दाबता ते केवढे असावे, कुठे असावे, त्यावरची अक्षरे कशी असावीत, हे ठरवण्याचे तिचे काम. तिची दहा वर्षांची भाची वरच्या मजल्यावर राहते आणि शाळा सुटली की खाली येते. ती तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. भाचीला सगळे खारू म्हणतात, कारण खारीसारखी ती सापडेल ते खिशात साठवते.

सुरुवातीला माझे काय कौतुक झाले! आत्याच्या मैत्रिणींनी मला हातोहात घेतले. "फोटो बघ केवढा स्वच्छ!" असे म्हणत त्यांनी माझ्यात आपापले चेहरे पाहिले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे नऊ दिवस चार वर्षे चालले, तेव्हा माझी तक्रार नाही. पुढे एकदा जिन्यात पडलो आणि कोपऱ्याला तडा गेला. मी हळू झालो. नवी कामे मला पेलेनात. एके दिवशी टेबलावर नवा फोन आला आणि माझी रवानगी खणात झाली.

पण माझे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

आत्या दर शनिवारी आपल्या वेबसाइटवर मत लिहू लागली होती. नवे सॉफ्टवेअर, वेबवरची नवी साधने, नवी उपकरणे ती आठवडाभर वापरायची आणि जसे वाटेल तसे लिहायची. उभे राहण्याची आठवण करून देणाऱ्या घड्याळाबद्दल तिने लिहिले होते, "हे काम माझी आई फुकट करते आणि तिला चार्ज करावं लागत नाही." चेहरे सुंदर करणाऱ्या एका सॉफ्टवेअरबद्दल लिहिले, "फोटो छान आला आहे. कोणाचा आहे ते मात्र कळत नाही." पण चांगल्याला ती मनापासून चांगले म्हणे. रंग नीट न ओळखता येणाऱ्यांसाठी कोणी एक छोटे साधन केले होते, त्यावर तिने दोन पाने भरून लिहिले. लोक तिच्या शब्दावर विश्वास ठेवून वस्तू घेत, नव्या साधनांवर कामे सोपवत.

तिची एक पद्धत होती. मत लिहिण्याआधी ती प्रत्येक नवी गोष्ट माझ्यावर उघडायची. मला खणातून काढायची, चार्जिंगला लावायची आणि म्हणायची, "दुबळ्याला झेपलं की सगळ्यांना झेपतं. काय रे म्हाताऱ्या?" आणि मित्रांनो, मला लबाडी येतच नाही. झेपले तर मी उघडतो, नाही झेपले तर ते गोल चक्र फिरवत बसतो. मी चक्र फिरवले की आत्या वहीत फुली मारायची.

त्या आठवड्यात एक नवे साधन आले. काय हवे ते नुसते सांगायचे, की वेबसाइट आपोआप तयार! दुकानाची म्हटले की दुकानाची, शाळेची म्हटले की शाळेची. चित्रे हलायची, अक्षरे ढगासारखी हळूच उमटायची. बनवणाऱ्या कंपनीने त्यासोबत चित्रे काढायचा एक मोठा टॅब आणि पेनही पाठवले. सोबत चिठ्ठी होती, "मत छापून आलं की टॅब तुमचाच." खारूने तो उघडला आणि तिचे पाय जमिनीला लागेनात. शाळेच्या लांब भिंतीसाठी तिच्या वर्गाला एक चित्र करायचे होते, ते तिने त्यावर सुरूही केले.

शनिवार आला. मला बाहेर काढले तेव्हा माझ्यात चार्ज नव्हता. पुरता चार्ज व्हायला मला दीड तास लागतो. आत्याने माझ्या काळ्या पडद्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "एकदा नाही विचारलं म्हाताऱ्याला, तर आभाळ थोडंच कोसळणार आहे?"

खण बंद झाला. मत छापले गेले. शेवटचे वाक्य होते, "बिनधास्त वापरा."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी ते वाचले आणि दवाखान्याची वेबसाइट त्याच साधनाने करून घेतली. तपासणीची तारीख आता तिथूनच घ्यायची, फोनवर नाही, असेही त्यांनी ठरवले.

महिन्याभराने खारू दप्तराचा तुटलेला पट्टा घेऊन शिंपीकाकांकडे गेली; तिथले मला तिनेच नंतर सांगितले. दुकान बंद होते. काका मागच्या खोलीत एकटेच राहतात. एका डोळ्यावर हिरवे कापड बांधून ते खाटेवर बसले होते. त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि आठवड्याने तपासणीला जायचे होते. तो आठवडा उलटूनही अकरा दिवस होऊन गेले होते.

"काका, मग गेला का नाहीत?"

"तारीखच मिळेना गं. फोन केला, तर बाई म्हणतात वेबसाइटवर घ्या. रोज बघतो, रोज पांढरं दिसतं. माझंच डोकं चालत नाही."

"मग तसंच जायचं ना!"

"बिनतारखेचं कसं जायचं? रांगेत घुसल्यासारखं होतं ते."

त्यांनी आपला फोन तिला दाखवला. तो माझा सख्खा भाऊ निघाला, त्याच कारखान्यातला, त्याच वर्षाचा. खारू तशीच पळत घरी आली, तिने मला खणातून काढले, चार्जिंगला लावले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी जागा झालो तशी तिने दवाखान्याची वेबसाइट उघडली. मी खूप प्रयत्न केला, मित्रांनो. हलणारी चित्रे माझ्या छातीवर धोंड्यासारखी बसली. पांढऱ्यावर करड्या रंगाची अक्षरे आली आणि विरून गेली. तारखेचे बटण आलेच नाही.

तिने मला आत्याच्या कीबोर्डवर आणून ठेवले आणि काकांचे सगळे सांगितले. "याला विचारलं होतंस?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. चपला घातल्या, काकांना हाताला धरून रिक्षात बसवले आणि सरळ दवाखाना गाठला. मी खारूच्या खिशात होतो.

डॉक्टरबाईंनी कापड काढले आणि त्यांचा आवाज बदलला. "आत संसर्ग झालाय. चार दिवस आणखी गेले असते, तर डोळा गेलाच होता. आता वाचेल, पण तीन महिने सुईदोरा बंद. वेबसाइटवर तारीख का नाही घेतलीत?"

"मला जमलं नाही, डॉक्टर," काका खाली मान घालून म्हणाले.

"त्यांना जमण्यासारखी ती नव्हतीच," आत्या म्हणाली. "आणि तुम्हाला ते साधन मी सुचवलं."

घरी येऊन आत्याने मत मागे घेणारा मजकूर लिहिला. पण तो लगेच छापला नाही. आधी सरळपणे कंपनीला फोन केला. तिकडचे गृहस्थ गोड बोलत होते.

"ताई, एवढ्याशा गोष्टीवरून? असले जुने फोन वापरणारे आता राहिलेत किती?"

"एक माझ्या ओळखीचा आहे."

"बघा बुवा. मत मागे घेतलंत, तर टॅब परत पाठवावा लागेल. पुढचं काही आमच्याकडून यायचं नाही."

"पुढचं राहू द्या," आत्या म्हणाली, पण तिची नजर खारूकडे गेली. खारू टॅबवर वाकून भिंतीच्या चित्रातले झाड रंगवत होती. चित्र अर्धे झाले होते, आणि आत्याच्या संगणकावर एवढे मोठे चित्र उघडतच नसे.

दोन दिवस तो मजकूर तसाच पडून राहिला. आत्या चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. खरे बोलायचे हे तिला ठाऊक होते. पण त्याची किंमत दुसऱ्याच्या हातातून काढून द्यायची होती, आणि ते हात दहा वर्षांचे होते.

तिसऱ्या दिवशी खारूच म्हणाली, "माझ्यामुळे अडलंय ना?"

"तुझ्यामुळे नाही गं. माझ्यामुळे. मी दीड तास थांबले असते तर..."

"मग आता काका थांबलेत, तीन महिने." खारूने टॅब बंद केला, पेन त्याच्या खाचेत ठेवले, वायरची नीट घडी घातली. "चित्र मी कागदावर काढीन. जोडून जोडून. फार तर काय, हात रंगतील."

"आणि भिंत?"

"भिंत कुठे जातेय?"

मग तिने मला घेतले आणि आत्याचा मजकूर माझ्यावर उघडला. मला डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. "आत्या, 'मी चुकले' हे एवढंसं लिहिलंयस, आणि तेही फिकट. हे कोणाला दिसणार?"

आत्या आधी हसली आणि मग तिने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. तिने अक्षरे मोठी केली, काळी केली आणि मजकूर छापला. काहींनी तिला बोल लावले, "आधी काय झोपला होतात?" ते बरोबरच होते. काहींनी कळवले, आमच्या आईलाही ते बटण सापडत नव्हते, आम्हाला वाटले आईचेच चुकते.

मित्रांनो, हे ऐकून मला फार वाईट वाटले. आमच्यासारख्या वस्तू नीट बनवल्या नाहीत, तर माणसे आम्हाला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. मान खाली घालतात आणि घरी बसतात. म्हणून माझे एवढे मागणे आहे. नवे जरूर घ्या, नव्याची आवड असणे काही वाईट नाही. पण नव्याचे कौतुक करण्याआधी ते तुमच्या आजोबांच्या हातात द्या, ज्यांना कमी दिसते त्यांना द्या, ज्यांचा फोन माझ्यासारखा आहे त्यांना द्या. थोडा वेळ लागेल. तेवढा लागू द्या.

पुढचे सांगतो. टॅब परत गेला. आत्याने डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन दवाखान्याची वेबसाइट स्वतः नव्याने केली. चित्र एकही नाही. काळी अक्षरे, तीन तारखा आणि अंगठ्याएवढे रुंद बटण. माझ्यावर ती पापणी लवण्याआधी उघडली. मला वाटले, झाले काम. पण आत्या म्हणाली, "फोनला झेपलं. माणसाला झेपतंय का ते अजून कुठे कळलंय? खारू, तू जा. मी गेले तर काका भिडेखातर छान म्हणतील."

खारू मला घेऊन गेली. तिने काकांच्या हातात मला दिले आणि समोरच्या स्टुलावर बसली. "पुढच्या तपासणीची तारीख घ्या, काका."

"तूच घे की गं पटकन. तुझी बोटं बघ कशी तुरुतुरु चालतात."

"नाही. तुम्हीच."

काकांचे बोट माझ्यावर आले. ते बोट सुईने टोचून टोचून खरखरीत झाले होते. ते आधी डॉक्टरबाईंच्या नावावर टेकले. काही झाले नाही. काकांनी मान वर केली. "चुकलं का?"

"नाही, काका. तुम्ही करा."

बोट पुन्हा फिरू लागले. तारखांपाशी येऊन थबकले, पुढे गेले, मागे आले. बटण खाली होते. खारूचा हात आपोआप वर आला, बोट लांब झाले, माझ्या काचेपासून वीतभर अंतरावर आले.

मग तिने हात मागे घेतला. दोन्ही तळवे मांड्यांखाली सारले आणि ती त्यांच्यावर घट्ट बसली.

"सावकाश होऊ द्या, काका," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."