तेवीस ऑगस्ट

निर्मलाने माउस अलगद फिरवत भिमीच्या कानामागची निळी भिंत पुसली. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला होता. त्यात भिमी भिमीसारखी दिसत नव्हती. त्या फोटोत कोण आपल्यासारखं दिसतं म्हणा! भिंत गेली, मागे पांढरं उरलं. आता कपाळावरची बट. निर्मला ती केसन्‌केस सोडवत बसली.

भिमी गेली हे तिला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं, तेही गिऱ्हाइकाकडून. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर तिचं आणि नवऱ्याचं, अनिलचं, फ्लेक्स आणि फ्रेमचं दुकान होतं. वैशाखरे गावाच्या पुढच्या आदिवासी वाडीवरून धर्मा नावाचा माणूस आला. बहीण गेली, रविवारी दिवस घालायचेत, फोटो करायचाय, म्हणाला आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. निर्मलाने नाव वाचलं. चौथीत आपण हिच्याशेजारी बसायचो, हे तिला लगेच आठवलं. आणि तिने विचारलं काय, तर, "साइज कुठली करायची?"

रडू येईल म्हणून तिने जरा वाट पाहिली. आलं नाही. आपलं काळीज काय दगडाचं झालंय का, असं वाटून गेलं, तेवढंच. मग तिने फोटो स्कॅनला लावला.

"काय झालं होतं?"

"कावीळ. कल्याणला न्हेली, पन टाइमच नाय भेटला." धर्मा स्टुलावर बसला होता. हातातला चहा तसाच होता.

त्याने निर्मलाला ओळखणं शक्यच नव्हतं. शाळेत भिमी त्याला कडेवर घेऊन यायची, तेव्हा त्याला धड चालताही येत नव्हतं.

"नावाखाली जन्मतारीख टाकते," कार्डाकडे बघत निर्मला म्हणाली. "एक जून."

"ती नको, ताई."

"कार्डावर तर तीच आहे."

"ती गुरुजीची. आमच्या वाडीतल्या समद्यांची एक जूनच हाय. माजी पन. तुमी तेवीस ऑगस्ट टाका."

माउसवरचा हात थांबला. तेवीस ऑगस्ट हा निर्मलाचा वाढदिवस होता.

खरं सांगायचं तर वाडीतल्या पोरांना वाढदिवस नव्हताच. गुरुजी तरी काय करणार? आयांना विचारलं तर एक म्हणायची रानात कारवी फुलली तेव्हाचा, दुसरी म्हणायची भाताच्या लावणीतला. मग गुरुजींनी सरसकट एक जून लिहून टाकला, आणि एक जूनला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. गावातली निर्मला मात्र कल्याणच्या दवाखान्यात जन्मलेली, वेळेसकट कागदावर. दर तेवीस ऑगस्टला ती नवा फ्रॉक घालून लिमलेटच्या गोळ्या वाटायची आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. चौथीत तिच्या मनात काय आलं कोण जाणे, गोळ्यांच्या पिशवीचा एक बंद तिने भिमीच्या हातात दिला. "आज तुझा पण," म्हणाली. गुरुजींनी विचारलं, वाढदिवस कुणाचा? भिमीच पटकन बोलली, "दोघींचा!" वर्गाने दोघींसाठी टाळ्या वाजवल्या. भिमी इतकी लाजली की पिशवीच तोंडावर धरली.

मधल्या सुट्टीत वर्गातल्या प्रमिलाने गाठलं. "वाडीवालीचा नि तुझा एकच वाढदिस काय गो?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. भिमी शेजारीच उभी होती.

"छे गो, माझाच हाय," निर्मला म्हणाली. "हिने नुसती पिशवी धरली."

 भिमीने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात घेतली. दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली, ती शाळेत परत आलीच नाही. त्यामुळे निर्मलाचं ते बोलणं दोघींच्या मध्ये तसंच राहिलं होतं. ते आपण विसरलोय, अशी निर्मलाने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"ही तारीख कुणी सांगितली तुम्हाला?" तिने विचारलं.

"तिनंच. दर वर्साला त्या दिशी वाडीतल्या पोरांना गोळ्या वाटायची. कोन हसला तर म्हनायची, माजा एकलीचा नाय, दोघींचा हाय."

"दुसरी कोण?"

"ते नाय बोलली कधी. शाळेतली कोन असंल." धर्माने चहाचा कप खाली ठेवला. "यंदाच्या पन आनून ठेवल्यान तिनं. डब्यात तशाच हायत. परवा तेवीस. आई म्हनते, वाट. मला काय सुदरत नाय."

निर्मलाने तारीख टाइप केली. दोन आणि तीनची बटणं शेजारी शेजारी, तरी दोनदा चुकली.

अनिल मागच्या खोलीतून फ्रेम घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायला लागला.

"अगं, हे काय टाकलंस? तेवीस ऑगस्ट तुझी तारीख. परवा वाढदिवस म्हणून तेच बसलंय डोक्यात! बदल आधी, नाहीतर हे बिचारे फ्रेम घेऊन परत येतील."

धर्माने मान वर केली. तो निर्मलाकडे बघत राहिला.

निर्मलाने पडद्याकडे पाहिलं. भिमी समोरच होती, मागे सगळं पांढरं.

"माझी एकटीची नाय," ती म्हणाली. माहेरचं हे 'नाय' तिच्या तोंडून दुकानात अनिलने कधी ऐकलं नव्हतं. "दोघींची हाय."

"दोघींची? म्हणजे काय?" अनिलने विचारलं.

 तिने फाइल सेव्ह केली आणि धर्माकडे वळली.

"परवा किती वाजता वाटायच्या गोळ्या?"

"ती सकाळीच वाटायची," धर्मा हळूच म्हणाला. "पोरा शाळेत जायच्या आधी."

"मी येते पहिल्या एसटीने. तुम्ही वाटा." आता कुठे तिला रडू आलं. "मी नुसती पिशवी धरीन."