सासू-सुनेच्या मधली दोरी

एक होती सासू, एक होती सून, आणि दोघींच्या मधोमध अंगणात बांधलेली मी, कपडे वाळत घालायची दोरी. मी बोलतेय खरी, पण मान खाली घालूनच.

सासूबाई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायच्या. सून शिकलेली. तिला बायकांसाठी इंग्रजीची शिकवणी काढायची होती. सासूबाई म्हणाल्या, एक दिवस करून बघ. बायका परत आल्या नाहीत तर गुमान इस्त्रीला उभी राहा. वर आदल्या संध्याकाळी माझ्यावर मुद्दाम ओल्या चादरींचा ढीग टाकला.

सकाळी सुनेनं चादरी उतरवल्या, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक शब्द लिहिला, तारेचे आकडे लावले आणि माझ्यावर टांगले. शेजारच्या बायका सतरंजीवर बसल्या.

"शी केम होम स्मायलिंग," सुनेनं वाचलं. म्हणजे ती घरी आली, हसत. इंग्रजीत शेवटचा शब्द कानात रेंगाळतो, म्हणून इथं हसू उठून दिसतं, असं तिनं सांगितलं. मग 'स्मायलिंग' काढून सगळ्या शब्दांच्या आधी लावलं: "स्मायलिंग, शी केम होम." आता हसू नुसतं ओघात आलं, जोर गेला घरावर. बाई पोचली एकदाची! सतरंजीवरची एक कापडाच्या दुकानातली बाई स्वतःशीच पुटपुटून बघू लागली.

आणि नेमकी तेव्हाच मी ढिली पडले. चादरींच्या ओझ्यानं माझी गाठ रात्रीच सरकली होती. मी झोळीसारखी लोंबले, आणि सगळे शब्द घसरत मधे एकावर एक गोळा झाले.

"बाई, तुमचं इंग्रजी खड्ड्यात गेलं की," दुकानवाली म्हणाली. हशा पिकला. सुनेचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, तुटून पडावं, तेही जमेना.

उंबऱ्यातून सासूबाई उठल्या. आता टोमणा येणार, मी अंग चोरलं. त्यांनी कोपऱ्यातला बांबू घेतला, माझ्याखाली लावला आणि मला वर उचललं.

"ओझं मी टाकलं होतं, मीच उचलते. तू लाव शब्द."

शिकवणी संपेपर्यंत त्यांनी बांबू सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या, बहिणी-जावांना घेऊन. आता अंगणात चपला मावत नाहीत. लोकांचे कपडे धुणं सासूबाईंनी कधीच सोडलं. मला नवी गाठ मारलीय, तरी शिकवणीला बांबू धरून त्या उभ्याच. त्यांना बघून माझी मान काही वर होत नाही.

तुमच्या अंगणात माझी कुणी बहीण असेल, तर तिची गाठ तेवढी बघत जा.

संध्याकाळी सून बाजारातून हसत घरी येते. त्यातलं हसू शेवटी ठेवावं की घर, मला अजून ठरवता येत नाही.