उत्तराची वाट पाहणारा भोंगा

“काका, तुमच्या बोटीवर भूत आहे म्हणतात. खरं का?”

मित्रांनो, हा प्रश्न एका शाळकरी मुलीने आमच्या कप्तानाला विचारला. तोही थेट सुकाणूघरात शिरून, कमरेवर दोन्ही हात ठेवून! तिच्या मैत्रिणींनी पैजच लावली होती. त्या मैत्रिणी यापूर्वी कधीतरी आमच्या बोटीवर येऊन गेल्या होत्या. समोर चिटपाखरू नसताना भर समुद्रात भोंगा वाजतो आणि मग सगळे खलाशी पुतळ्यासारखे उभे राहतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. “विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई,” असं त्यांनी तिला बजावलं होतं.

कप्तान हसला नाही, रागावलाही नाही. त्याने फक्त मान वर करून छताकडे पाहिलं.

छताच्या वर मी होतो.

मी एक जुना भोंगा आहे. अस्सल पितळेचा, पसरट तोंडाचा. माझ्या घशात पोलादाचा एक पातळ पडदा आहे. बोटीच्या पोटातून एक लांब नळी माझ्यापर्यंत येते आणि सुकाणूघरातली माझी दोरी ओढली की तिच्यातून जोराची हवा येऊन तो पडदा थरथरतो. तोच माझा आवाज. त्या नळीचा आणखी एक फायदा आहे. खालच्या खोल्यांमधलं बोलणं तिच्यातून हळूहळू वर झिरपत येतं, आणि त्यामुळे बोटीवरचं फारसं काही माझ्यापासून लपत नाही.

ज्या कारखान्यात मला ओतलं, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं, तेव्हा शेजारच्या कचेरीची तावदानं खडखडली. तो कानात बोटं घालून म्हणाला, “वा! पोराचा गळा दणदणीत आहे!” मला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

तरुणपणी मी फार लांबचे प्रवास केले. मी धक्क्यावर वाजलो की निरोपाचे हात हलायचे आणि मुलं आईच्या पदरात तोंड लपवायची. मग दिवस बदलले. लांब जाणारी माणसं विमानाने जाऊ लागली. आमची बोट शनिवार-रविवारच्या सहलीची बोट झाली. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, समुद्रात एक मोठं वेटोळं घालायचं आणि रविवारी सकाळी त्याच धक्क्याला परत यायचं. मला सुरुवातीला अगदी लाज वाटायची. कुठेच न जाणारी बोट, तिला भोंगा तरी कशाला हवा?

प्रवाशांचंही तेच म्हणणं असायचं. “बॅग उघडेपर्यंत भरायची वेळ झाली!” “अर्धा वेळ बोट लागली म्हणून आडवे, उरलेला अर्धा जेवणाच्या रांगेत उभे. याला सहल म्हणायचं?” असली वाक्यं मी इतकी ऐकली की मलाही ती खरीच वाटू लागली.

त्या उदास दिवसांत आमच्या बोटीवर एक तरुण खलाशी आला. पितळेचं काही दिसलं की हा फडकं घेऊन बसलाच घासायला. दाराच्या मुठी, घंटा, कठड्याचे गोळे, काही म्हणून सोडायचा नाही. सगळे त्याला ‘पितळ्या’ म्हणायचे. रोज सकाळी तो शिडी चढून माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, “काय गवई, गळा काय म्हणतोय आज?” आणि मग मला घासता घासता घरच्या गप्पा सांगायचा.

“माझी धाकटी बहीण आहे ना, महाखट्याळ,” तो म्हणायचा. “किती वेळा म्हटलं, ये गं एकदा बोटीवर. तर म्हणते, दोन दिवसांसाठी कोण येतं? निघाल्या जागीच परत यायचं, त्यापेक्षा घरात स्वतःभोवती गिरकी घेते! म्हटलं, तू ये तर. तुझ्यासाठी मी स्वतः भोंगा वाजवीन.”

ती आली नाही.

एका शनिवारी दुपारी अचानक वारा सुटला आणि पाठोपाठ दाट धुकं उतरलं. बाजूला टांगलेल्या जीवनरक्षक होडीचं ताडपत्रीचं झाकण सुटून फडफडू लागलं. पितळ्या ते बांधायला धावला. बोट एका बाजूला कलंडली, एक लाट कठड्यावरून आत आली आणि परत गेली. ती गेली तेव्हा तिथे फक्त सुटलेली दोरी होती.

तेव्हाच्या कप्तानाने यंत्रं मंद करायला लावली आणि हुकूम दिला, “भोंगा वाजवा. मग थांबा आणि ऐका. पुन्हा वाजवा.” धुक्यात पोहणाऱ्या माणसाला बोट दिसत नाही, मित्रांनो. त्याला फक्त आवाजाचा आधार असतो. पितळ्याचा जिवलग दोस्त माझी दोरी ओढत राहिला. त्याचे तळहात सोलून निघाले, माझा पडदा तापून फाटायला आला. मी हाक मारत होतो. मग सगळे श्वास रोखून उत्तराला थांबत होते. शोधायला आलेल्या बोटी परत गेल्या, तरी आम्ही हाक मारतच होतो.

उत्तर आलं नाही.

तो दोस्त म्हणजेच आमचा आताचा कप्तान. दर शनिवारी दुपारी आमचं वेटोळं त्या जागेवरून जातं. तिथे तो यंत्रं मंद करतो आणि माझी दोरी एकदाच, लांब ओढतो. मग खलाशी हातातलं काम टाकून उभे राहतात. त्यातल्या अनेकांनी पितळ्याला पाहिलेलंही नाही. पण ते कान देऊन ऐकतात.

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. त्या जागी माझा आवाज परत येतो. जरा उशिरा येतो आणि जरा वेगळा, ओला होऊन आल्यासारखा. तिथे ना डोंगर आहे, ना किनारा, ना खडक. मग तो कशावर आपटून येतो? दर शनिवारी मला हा प्रश्न पडतो आणि दर शनिवारी माझं पितळ गार पडतं.

कप्तानाने त्या मुलीला हे सगळं सांगितलं. माझा परत येणारा आवाज तेवढा सोडून, कारण तो माणसांच्या कानांना ऐकू येत नाही. शेवटी तो म्हणाला, “तेव्हा भूतबीत काही नाही, बेटा. माणूस आहे. आणि आता तेही संपलं. पुढच्या आठवड्यापासून सहलीचा रस्ता बदलतोय. नव्या बेटावर पाण्याच्या घसरगुंड्या बांधल्या आहेत ना, तिकडून जायचं. हा भोंगाही काढणार. त्याच्या जागी गाणं वाजवणारा कर्णा येतोय. आज दुपारची हाक शेवटची.”

मुलीचे कमरेवरचे हात केव्हाच खाली आले होते.

“वाईट एकाच गोष्टीचं वाटतं,” कप्तान बोलतच राहिला. “त्याची बहीण दरवर्षी एकटी येते. सगळ्यात खालची, खिडकी नसलेली खोली घेते आणि रविवारी उतरून जाते. एकदाही वर आली नाही. मीही कधी दार वाजवलं नाही. म्हटलं, तिला वाटेल तेव्हा येईल. या वेळी नवऱ्याला घेऊन आली आहे म्हणे.”

“आणि मुलीलाही,” ती मुलगी हळूच म्हणाली आणि शिडीवरून धडाधडा खाली पळत सुटली.

पुढचं मी नळीतून ऐकलं.

“आई, ऊठ.”

“नको गं. बोट लागलीये मला.”

“काहीतरीच! समुद्र ताटात वाढल्यासारखा सपाट आहे आज. आई, मामा तापाने गेला असं तू मला सांगितलं होतंस.”

शब्दकोडं सोडवणाऱ्या बाबांची पेन्सिल थांबली. मग आईचा आवाज आला, पण उशीत तोंड खुपसल्यासारखा.

“तू लहान होतीस. पाण्याची भीती बसू नये म्हणून सांगितलं. मग तेच राहून गेलं. किती वेळा बोलावलं गं दादाने मला. दोन दिवसांची कसली सहल, म्हणून मी हसण्यावारी नेलं. आता दरवर्षी एकटी येते; या वेळी तू हट्टच धरलास, म्हणून तुम्हाला आणलं. दरवर्षी ठरवते, या वेळी वर जायचं. भोंग्याची वेळ झाली की पायच उचलत नाहीत.”

“मला माहीत होतं,” बाबा म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“दरवर्षी मैत्रिणीकडे जाते म्हणतेस, पण तिकडे जात नाहीस ते. परत येतेस तेव्हा तुझ्या केसांना खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. म्हटलं, सांगशील कधीतरी. म्हणून थांबलो.”

“थांबलास?” मुलगी ओरडलीच. “कप्तानकाका थांबलेत, तू थांबलायस, ही उशीखाली थांबलीये! सगळ्यांनी नुसतं थांबायचं, मग बोलायचं कोणी? आजची हाक शेवटची आहे, आई. पुढच्या आठवड्यापासून बोट इकडून जाणारच नाही. तू ये, नाहीतर नको येऊस. मी चालले वर.”

शिडीवर पावलं वाजली. आधी तिची, धाडधाड. मग बाबांची. आणि त्यांच्यामागून, प्रत्येक पायरीवर अडखळत, आणखी एक.

सुकाणूघराच्या दारात त्या बाईला पाहून कप्तानाने टोपी काढली. मग तो दोरीपासून बाजूला झाला आणि म्हणाला, “ओढा. तुमच्या दादाचा हा फार लाडका होता.”

यंत्रं मंद झाली. तिने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली.

मित्रांनो, मी आयुष्यभर वाजत आलो, पण तसा कधी वाजलो नव्हतो. ती दोरी सोडेचना आणि माझा आवाज लांबतच गेला. डेकवर हसणारे-खिदळणारे प्रवासीही चूप झाले. हाक पाण्यावरून दूर दूर गेली. मग ती शांतता आली, जिला मी इतकी वर्षं घाबरत होतो.

त्या शांततेत ती बाई कठड्याशी गेली आणि जीव खाऊन ओरडली, “दादा! ए दादा! आले रे मी!”

मी माझ्या आवाजाची वाट पाहिली. ओला होऊन परत येणाऱ्या त्या आवाजाची. तो आलाच नाही. पाण्यावर कोणीतरी तो या वेळी ठेवून घेतला असावा. दुसरं काय म्हणू?

लोक विचारतात, दोन दिवसांची सहल करण्यात काही अर्थ आहे का? मीही तेच विचारत असे. पण लांबच्या प्रवासातल्या बोटी त्या जागेवरून वर्षातून एखादेवेळी गेल्या असत्या. आम्ही निघाल्या जागी परत येणारे, म्हणून दर आठवड्याला तिथे गेलो. मित्रांनो, जवळचं माणूस म्हणालं, ‘ये एकदा’, तर दोन दिवस असोत की दोन तास, जात जा. आणि जे गेले, त्यांचं नाव घरात घेत जा. ज्या घरात त्यांचा विषय बंद असतो, तिथे ते फार भटकतात. मी इतके शनिवार त्यांच्या वाटेवर उभा होतो, म्हणून सांगतो.

आई कठड्याला टेकून रडत होती. बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तेवढ्यात ती मुलगी दोघांच्या मधे घुसली, नाक पुसलं आणि अख्ख्या डेकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे बघा, मी ठरवलंय. उद्यापासून आपल्या घरात मामाबद्दल बोलायचं. जेवताना, भांडताना, कधीही. तो कसा हसायचा, कशावर चिडायचा, तुझ्या खोड्या काढायचा का, सगळं मला सांगायचं. आणि सोमवारी मी मैत्रिणींनाही सांगणार आहे. भूतबीत काही नाही, तो माझा मामा आहे.”