पलंगाखालची तारीख

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे मित्रांनो, पण प्रवास मी आयुष्यात एकदाच केला. दुकानातून बेल्कीसच्या घरापर्यंत, तोही कुणाच्या तरी मोटारसायकलवर आडवी बांधून. त्यानंतरची सगळी वर्षं पलंगाखाली गेली. माझा रंग तपकिरी, कोपऱ्यांना पितळी पत्रे, पुढे दोन कुलपं. ज्याला कुलूप असतं त्याचा स्वभाव संशयी होतोच. माझाही झाला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

राजधानीतल्या एका लहान कारखान्यात पुठ्ठ्यावर रेक्झिन चढवून मला बनवलं. आतलं अस्तर ज्याने चिकटवलं त्याने एका कोपऱ्यात गोंद कमी लावला. तो हात राखून काम करतो आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढे त्या कोपऱ्याने माझ्या आयुष्यात बराच गोंधळ घातला, पण ते नंतर.

मला विकत घेतलं लेओकादियोने. तो बोस्टनला एका हॉटेलात भांडी घासायचा आणि नाताळात आठ-दहा दिवस आमच्या बेटावर, बानी गावातल्या आपल्या घरी यायचा. बेल्कीस त्याची एकुलती मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची. आई नव्हती. त्याने मला तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "पुढच्या नाताळात ही भरून घेऊन ये पोरी." त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने तिला तिकडे बोलावून घेण्याचा अर्ज भरला होता. त्या अर्जाची पोच बेल्कीसने माझ्या आतल्या कप्प्यात ठेवली. तिच्यावर तारीख होती ९ ऑगस्ट २००५. माझ्या पोटात गेलेली पहिली वस्तू ती.

पुढचा नाताळ येईल आणि आपण निघू, असं मलाही वाटलं होतं. तो भ्रम एलादियो मास्तरांनी मोडला. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि कोपऱ्यावर झेरॉक्स मशीन टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. एकदा कॉफीला आले, माझ्याच वर पलंगावर बसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं.

"हे बघ पोरी, तिकडे वर्षाला ठरलेलेच व्हिसे देतात. बहीणभावांची रांग वेगळी, मुलांची वेगळी. तुझी रांग तिथे कायमचं राहणाऱ्यांच्या मोठ्या, लग्न न झालेल्या मुलांची. त्यात पुन्हा एका देशाला त्याच्या वाट्याहून जास्त मिळत नाही, मग तो देश आपल्यासारखा टीचभर असो नाहीतर अवाढव्य असो. दर महिन्याला ते एक तारीख जाहीर करतात. तुझी, म्हणजे तुझा अर्ज भरल्याची तारीख तिच्या आधीची असली तर तुझी पाळी आली."

"मग सध्या कुठली तारीख चाललीय?" बेल्कीसने विचारलं.

"शहाण्णवची."

मग मास्तरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तू लग्न केलंस तर या रांगेतून तुझं नाव जाईल. आणि बापाला काही झालं, तर अर्जही त्याच्याबरोबर गेला असं समज.

त्या दिवसापासून या घरात संशय राहायला आला. लेओकादियोला जुना खोकला होता. बेल्कीस फोनवर आधी त्याचा खोकला विचारायची. ती बापाच्या काळजीने विचारते की तारखेच्या, हे मला कधी नक्की कळलं नाही. तिलाही कळत नसावं, कारण फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरायचे. शेजारपाजारी तिने अक्षर काढलं नाही. आमच्याकडे व्हिसा हातात पडेपर्यंत कुणी सांगत नाही. नजर लागते, आणि नजर नाही लागली तर कुणीतरी चुगली करतं. बॅगेत काय आहे असं कुणी विचारलं की ती सांगायची, घोंगड्या आहेत. बानीच्या उन्हात घोंगड्या! लोक मान हलवायचे आणि बाहेर जाऊन हसायचे.

मग फाउस्तो आला. मिठागरात काम करणारा, अबोल माणूस. एक उशी आणि एक रेडिओ घेऊन आला आणि राहिला. आमच्या वस्तीत निम्मी घरं अशीच उभी आहेत, लग्नाच्या कागदावाचून, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण बेल्कीसला सगळ्याचीच भीती. त्याने आणलेली अंगठी तिने परत करायला लावली. त्याच्याबरोबर फोटो काढायचा तर पांढरा कपडा घालायचा नाही. मावशीने एकदा कौतुकाने केक पाठवला. त्यावर प्लास्टिकचं नवरानवरीचं जोडपं होतं. बेल्कीसने ते उपटलं आणि केरात टाकलं. फाउस्तो पाहत होता.

ती कामाला गेल्यावर त्याने ते जोडपं केरातून काढलं, पुसलं, मला उघडलं आणि अस्तराच्या त्या सुटलेल्या कोपऱ्यातून आत सरकवलं. मित्रांनो, मी हादरले. उद्या कुणी तपासायला आलं तर माझ्याच पोटात लग्नाचा पुरावा! हा माणूस हिचं जाणं मोडायला बसला आहे, असं माझ्या मनाने घेतलं, आणि एकदा घेतलं ते घेतलं.

दोन हजार आठमध्ये मुलगी झाली, यानेलीस. बाळंतपणात बेल्कीसचे फार हाल झाले. ती अंथरुणातून उठेना, म्हणून बाळाची नोंद करायला फाउस्तो एकटाच गेला, बाळाला हातांवर घेऊन. जन्मदाखला घेऊन आला. बेल्कीसने मुलीचं नाव नीट लिहिलं आहे एवढं पाहिलं, घडी घातली आणि माझ्या कप्प्यात टाकला. खालचं काही वाचलं नाही. मला वाचता आलं असतं तर मी ओरडले असते.

काही महिन्यांनी एका दुपारी फाउस्तोने मला पुन्हा उघडलं. दाखला काढून ओळीवर बोट ठेवून वाचला. एका जागी बोट थांबलं. बराच वेळ तसाच बसला, मग घडी होती तशीच घालून परत ठेवली. चोराला घडी जशीच्या तशी घालावी लागते, हे मी त्या दिवशी मनात नोंदवून ठेवलं.

दरम्यान तारीख सरकत होती. काही महिने नुसती रांगायची, काही महिने उड्या मारायची. २०१० च्या डिसेंबरात ती जून २००५ वर आली. दोनच महिने राहिले! बेल्कीसने कोंबड्या देऊन टाकल्या. जिच्याकडे शिवणकाम करायची तिला सांगितलं की नवीन मुलगी बघा. मला पलंगाखालून काढून उन्हात ठेवलं, ओल्या फडक्याने पुसलं. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

जानेवारीत मास्तर आले. टोपी हातात होती. तारीख मागे गेली होती, एप्रिल २००३ वर.

"मागे?" बेल्कीस म्हणाली. "मास्तर, तारीख मागे कशी जाईल?"

एकदम फार लोक पुढे आले, वर्षाचे व्हिसे पुरेनात, म्हणून मागे ओढली, असं मास्तर म्हणाले. ते असे बोलत होते जणू त्यांनीच ओढली असावी. बेल्कीस त्यांच्याकडे संशयाने पाहत राहिली. आणि त्याच संध्याकाळी फाउस्तो केळी तळताना शीळ घालत होता. हळूच, पण घालत होता. मी ती शीळही लक्षात ठेवली.

शेवटी २०१३ मध्ये तारीख आमच्या ऑगस्टच्या पुढे गेली. मुलाखतीचं पत्र आलं. बेल्कीसने माझा कप्पा रिकामा केला, सगळे कागद पिवळ्या लिफाफ्यात घातले आणि मुलीला घेऊन पहाटेच्या बसने राजधानीला गेली. मला कुणी नेलं नाही. तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं.

वकिलातीतल्या खिडकीमागच्या बाईने यानेलीसचा दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारलं, तुमचं लग्न कधी झालं? बेल्कीस म्हणाली, झालेलं नाही. बाईने दाखला काचेला लावला. आईबापाच्या नावापुढे लिहिलं होतं, विवाहित. बेल्कीसला एक रंगीत कागद मिळाला. तुम्ही अविवाहित आहात हे सिद्ध करा, दाखला दुरुस्त करून आणा, तोवर व्हिसा नाही.

ती दुपारी घरी आली आणि माझ्यावरच्या पलंगावर बसली. फाउस्तो मिठागरातून आला. त्याच्या पोटऱ्या मिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. तो दारातच थांबला.

"पोरीच्या दाखल्यावर आपण विवाहित कसे?" तिने विचारलं.

"मी तसं सांगितलं."

"का?"

"नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, लग्न झालंय का. मागं बायकांची ही रांग, सगळ्या कान देऊन. पोरगी पंधरा दिवसांची, माझ्या हातात. नाही म्हटलं असतं तर तिच्या नावापुढं कायमचं लिहिलं असतं, लग्नाबाहेरची. म्हटलं, झालंय."

"आणि नंतर? पाच वर्षं तुला ठाऊक होतं?"

"होतं. रोज म्हणायचो, आज सांगू."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्याने वाकून पोटऱ्यांवरचं मीठ झटकलं. मला वाटलं, आता खोटं बोलेल.

"तू जाणार," तो म्हणाला. "पोरगी तुझ्याबरोबर जाणार. मी कुठल्या रांगेत आहे, बेल्कीस?"

नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. मी मात्र मनातून खूश होते. माझा संशय खरा निघाला होता ना! पुरता खरा नाही, अर्धाच खरा, पण तेवढ्यावरही माणसं आणि बॅगा खूश होतात.

दहाव्या दिवशी फाउस्तोने स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री केली आणि मास्तरांना घेऊन कोर्टात गेला. दाखल्यातली चूक तिथेच दुरुस्त होते. महिने लागले. त्या काळात दर महिन्याला भीती, तारीख पुन्हा मागे जाते की काय. दर फोनला भीती, लेओकादियोचा खोकला आज कसा आहे. शेवटच्या दिवशी काय झालं ते मास्तरांनी आमच्याकडे येऊन सांगितलं. भरलेल्या खोलीत न्यायाधीशाने विचारलं तेव्हा फाउस्तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी खोटं बोललो. पोरीची आई माझी बायको नाही." मागे बसलेले लोक हसले. तो खाली बसला नाही. निकाल होईपर्यंत तसाच उभा राहिला.

नवीन दाखला त्याने स्वतः आणला. माझ्यात ठेवण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, बेल्कीसला ऐकू जाईल अशी. त्यात आता ते दोघं अविवाहित होते. मला माझी लाज वाटली, मित्रांनो. ज्या माणसाने स्वतःच्या तोंडाने खोटं कबूल करून ही ओळ लिहून आणली, त्याच्यावर मी इतकी वर्षं पहारा केला होता.

व्हिसे मिळाले. जायच्या आदल्या दिवशी मला बाहेर ओढलं आणि माझा दांडाच निखळून हातात आला. तळ ओलीने कुजला होता, वाळवीचा भुसा फरशीवर सांडला. आठ वर्षं ज्या दिवसासाठी मला जपून ठेवलं, त्या दिवशी मी निकामी निघाले. बंद ठेवून वस्तू जपली जात नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फाउस्तो गेला आणि चार चाकांची नवी बॅग घेऊन आला.

मला बाजूला सारताना अस्तर पुरतं सुटलं आणि प्लास्टिकचं जोडपं बाहेर पडलं. नवरीचा पांढरा रंग पिवळा झाला होता. बेल्कीसने ते उचललं.

"हे कुठून आलं?"

"मी ठेवलेलं," फाउस्तो म्हणाला. "पुढंमागं लागेल म्हणून."

ती खाली बसली आणि रडली. मग तिने जोडपं यानेलीसच्या ओल्या कपड्याने पुसलं आणि माझ्यात परत ठेवलं. "राहू दे इथेच," ती म्हणाली. "डिसेंबरात लागेल."

त्या डिसेंबरात ती खरंच आली. ती तिकडची रहिवासी झाली होती, आता तिला लग्नाची भीती नव्हती. चर्चमध्ये, पांढऱ्या कपड्यात, सगळ्या वस्तीसमोर लग्न झालं. केकवर तेच पिवळं जोडपं होतं. परत जाऊन तिने नवऱ्यासाठी अर्ज भरला आणि त्याची पोच इकडे पाठवली. म्हणजे आता फाउस्तोही एका रांगेत आहे. नवराबायकोंची रांग लहान असते म्हणतात. असेल. मी 'म्हणतात' वर विश्वास ठेवत नाही.

त्याने माझा तळ फळीने दुरुस्त केला, दांडा तारेने बांधला. आता मला पलंगाखाली ठेवत नाही, खिडकीशी ठेवतो, वारं लागावं म्हणून. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी बॅग असेल. तिला अधूनमधून उघडत जा. तिच्यात टाकण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कुणाचा संशय आला तर त्याला विचारून टाका. मला ते जमलं नाही, कारण बॅगेला तोंड असलं तरी ते बाहेरूनच उघडतं. तुमचं तसं नाही.

दर महिन्याला मास्तर नवी तारीख सांगून गेले की फाउस्तो मला उघडतो. अर्जाची पोच काढतो आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचतो. नाव, गाव, जन्मतारीख. मग बोट एका जागी थांबतं. घरात ऐकायला माझ्याशिवाय कुणी नसतं, तरी ती ओळ तो दोनदा वाचतो.

"विवाहित," तो म्हणतो. "विवाहित."