घट्ट धरून ठेवल्याची लाज

"सूज दिसली की हिला घालायचं न्हाई, बाई. आधी गुडघा डॉक्टरला दाखवायचा," मला विकताना उदगीरचे दुकानदार गुरुपादप्पा यांनी मंजुश्रीला बजावलं होतं. ती हसली. मीही मनातल्या मनात हसले. नवी होते, ताण कडक होता; असल्या बोलण्याकडे कोण लक्ष देतं?

मित्रांनो, मी आता जुनी झालेली एक नी-कॅप आहे. गुडघ्यावर चढवून चिकटपट्टीने आवळतात, ती. दोन वर्षं मी मंजुश्रीबरोबर बास्केटबॉल खेळले. सामन्याआधी ती मला थोपटून म्हणायची, "तू हायस म्हणून मी हाय." त्या कौतुकानं मी फुगून गेले होते.

मागच्या हिवाळ्यात लोहा गावातल्या मुलींच्या संघानं तिला स्पर्धेपुरतं बोलावून घेतलं. बाहेरून आणलेल्या खेळाडूला रोज एका घरी जेवायला न्यायचं, अशी तिथली पद्धत. पहिल्या सामन्यात तिनं एकटीनं बावीस गुण केले, तर तिला कुणी न्यायचं यावरून तीन घरांत भांडण लागलं.

दुसऱ्या सामन्यात तिचा गुडघा मुरगळला. सूज मला सगळ्यात आधी कळली, कारण ती माझ्याच आत वाढत होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. झाकायला मी होते ना!

त्या दिवशी जेवायला न्यायची पाळी केवळाबाईंची होती. त्यांच्या घरी तिला मांडी घालता येईना.

"पाय का लांबवलास ग माय?"

"सवय हाय, मावशी."

"मग खा पोटभर. उद्या आमाला जिंकून दे."

नको असलेली तिसरी भाकरी तिनं मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. मंजुश्री सारखी मागे पडत होती. मध्यंतरात ती बाकावर टेकली, तर पाठीमागेच संघाचे जुने चाहते बसलेले.

"पाहुणी आणली, ती पाहुणीच बनून राहिली! पळते कुठं?" आप्पासाहेब म्हणाले.

"काका, बावीस गुण इसरले व्हय?" बालाजीनं विचारलं.

"ते चार दिवसांमागचं. हिच्यापायी आपली शिल्पा बाहेर बसली. घरोघरच्या भाकरी खाऊन एवढंच?"

"हाव, पण उंची बघा की हिची."

"उंचीवर काय धुणं वाळत घालायचं?"

सगळे हसले. मंजुश्रीनं खाली वाकून मला आणखी आवळलं. माझी चिकटपट्टी झिजली होती. मी सुटले असते, तर तिला बाहेर बसावं लागलं असतं. पण मला वाटलं, मग लोक मलाही नावं ठेवतील. मी धरून राहिले.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि तिनं उडी मारली. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

शिल्पानंच धावत येऊन मला सोडवलं. गुडघा बघून आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

"दुखत व्हतं तर सांगायचं न्हाई का, लेकरा?"

"तुमच्या सगळ्यांच्या घरी जेवले, काका. कसं सांगू?"

त्यांनी मान खाली घातली. मला तर घालायला मानही नव्हती.

मी लोह्यातच संघाच्या पिशवीत राहिले. मंजुश्रीचं ऑपरेशन झालं म्हणतात. सरावाला आलेल्या पोरी मोबाइलवरचे मेसेज मोठ्यानं वाचतात. तिला आणलं ते बरं झालं की वाईट, हा वाद ग्रुपवर अजून चालूच आहे. तिचा पाय कसा आहे, हे मात्र कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मित्रांनो, मला फोन लावता येत नाही. तुम्ही लावा. आणि "बरी हाय" म्हणाली, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. जिना चढता येतो का, ते विचारा.