घरी न गेलेल्यांची यादी

हॉस्पिटलच्या सर्व्हेचे प्रश्न लिहिणं हे माझं काम. बायको गेली, त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्याच वॉर्डाचे फॉर्म माझ्या टेबलावर आले. बेल वाजवल्यावर नर्स वेळेवर येतात का? शंभरातले सत्त्याण्णव 'हो' म्हणाले होते. म्हणून दुपारच्या पाळीतली एक नर्स कमी करायचं ठरत होतं.

कोणाला विचारलं, ते पाहिलं. घरी जाताना, सामान बांधून झालेल्या पेशंटना. यादी मीच आखून दिली होती.

साहेबांना म्हटलं, "जे घरी गेले नाहीत, ते विचारायचे राहिले."

"मेलेल्यांना काय विचारणार, काका?"

"त्यांच्या माणसांना विचारू."

चाळीस पत्ते मिळाले. दुपारी डोळा लागला की ती चाळीसही घरं एकाच रस्त्यावर यायची. सगळी दारं उघडी, आणि प्रत्येक दारात चपलांचा एक जोड जास्त. मी कागद घेऊन चालत राहायचो. रस्ता संपायचा नाही, पाय मात्र दुखायचे नाहीत.

रविवारी लेकीने माझा कच्चा फॉर्म वाचला. "'नर्स किती उशिरा आल्या?' बाबा, हा प्रश्न नाही, भांडण आहे."

"मग तुम्हीच लिहा, बाईसाहेब."

तिने लिहिलं: बेल वाजवल्यावर कोणी किती वेळाने आलं? खाली तीन चौकोन. लगेच. थोड्या वेळाने. आलंच नाही.

"आधी घरातूनच सुरुवात," म्हणत तिने पेन उचललं आणि परक्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं.

पडदा हलत होता. टेबलावरचं ऊन सरकून कागदावर आलं. मला वाटलं, आता झोपेतून उठेन. उठलो नाही.

"मी खाली गेलो होतो गं," मी म्हणालो. "थर्मास भरायला. वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. बेल तिच्या हातात होती. दाबली होती की नुसती धरली होती, कोण जाणे."

"तुम्ही म्हणाला होतात, आईचा हात तुमच्या हातात होता."

"म्हणालो होतो."

मग पट्टी घेऊन तिने चौथा चौकोन आखला, शेजारी लिहिलं, 'माहीत नाही', आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

खूण करायला मला वेळ लागला. ती थांबली.